ती टेप कुणी केली

मामा इस्रायलला गेले तेव्हा त्यांचा टेपरेकॉर्डर आमच्याकडे राहिला. बोटीवर सामान किती न्यायचं याला मर्यादा होती, आणि मामीला तिची पितळेची भांडी सोडवत नव्हती. मुंबईत मामा ज्या परदेशी साहेबाच्या हाताखाली काम करत, त्याने मायदेशी परतताना ते यंत्र त्यांना देऊन टाकलं होतं. दोन मोठी चक्रं, काचेत लुकलुकणारा हिरवा डोळा, आणि उचलायला दोन्ही हात लागतील एवढं वजन. आईने ते कपाटावर ठेवून त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. साठनंतरची ती वर्षं. पनवेलच्या आमच्या आळीतली ज्यू घरं एकेक करून रिकामी होत होती आणि जाणाऱ्याने मागे ठेवलेली एखादी तरी वस्तू प्रत्येक उरलेल्या घरात होती. कुणाकडे शिवणयंत्र, कुणाकडे पाळणा. आमच्याकडे हा.

तो कपाटावरून खाली काढला मी. बाबा टेलिफोन खात्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी आळीतले रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून बसून मी सोल्डरिंग शिकले. माझा धाकटा भाऊ तिथे पाच मिनिटं टिकायचा नाही. त्याची बोटं कायम कशावर तरी ताल धरत असायची, ताटावर, पेटीवर, बाबांच्या पाठीवर. बाबा वारले तेव्हा मी नुकतीच जवळच्या एका गावातल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. भाऊ कॉलेजात जाऊन नापास होऊन परत आला होता. घर माझ्या पगारावर चालायचं. याचा मला कधी त्रास झाला नाही. कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही.

भावाने बँड काढला तेव्हा सगळी आळी हसली. पनवेलात बँड म्हणजे लग्नाचा, लाल कोट आणि पिपाण्या. त्याला समजावून सांगावं लागे की हा तसला नव्हे, हा रॉकचा, इंग्रजी गाण्यांचा. ढोल मात्र त्याने लग्नाच्या बँडवाल्यांकडूनच मिळवले होते, एक मोठा, एक छोटा आणि दोन झांजा, ज्या त्याने लोखंडी सळीवर आडव्या बसवल्या होत्या. गिटार वाजवायचा तो भातगिरणीवाल्यांचा मुलगा, भावाचा शाळेपासूनचा मित्र. वडिलांचं न ऐकता मुंबईहून विजेची गिटार घेऊन आला होता. गाणारा कामोठ्याचा होता, मिठागरं असलेल्या आगरी घरातला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. रेडिओ सिलोनवर ऐकलेले शब्द तो जसे कानावर पडले तसे गायचा, पण आवाज असा की समोरचा अर्थ विचारायचा विसरायचा. नंतर त्यांनी स्वतःची चार-पाच मराठी गाणीही बसवली.

रविवारी दुपारी ते आमच्या ओटीवर वाजवायचे. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार संपेपर्यंत शब्बाथ, म्हणून आमच्या घरात शांतता, आणि रविवारी ती सगळी फेडून टाकल्यासारखा गोंगाट. खिडकीशी मुलं, अंगणात बायका, समोरच्या पायरीवर म्हातारे. लोक ऐकायला असले की ही तिघं दुपटीने चांगली वाजवायची, हे माझ्या लवकर लक्षात आलं. म्हणून ध्वनिमुद्रण करायचं तर लोकांच्या समोरच करायचं, असं मी ठरवलं.

पहिली टेप ऐकली तेव्हा त्यात नुसते ढोल होते. मागे कुठे तरी कुणीतरी ओरडतंय असं वाटत होतं, तो गाणारा. भाऊ म्हणाला, यंत्रच वाईट आहे. मला तसं वाटेना. प्रत्यक्षात मला गाणं नीट ऐकू येत होतं, मग यंत्राला का येऊ नये? विचार करता करता लक्षात आलं की माझा कान निवडून ऐकतो. मायक्रोफोन निवडत नाही. तेव्हा निवड मलाच करून द्यायला हवी होती.

त्यावर माझं जवळजवळ वर्ष गेलं. बाबांच्या पेटीतल्या सामानातून मी एक डबा तयार केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणावर रेडिओची चार बटणं. चार मायक्रोफोन त्यात येऊन मिळायचे आणि कुणाचा आवाज किती जाऊ द्यायचा ते त्या बटणांवर ठरायचं. सुरुवातीला डब्यातून सतत घूं असा आवाज यायचा. तार नेऊन मोरीतल्या नळाला बांधली तेव्हा तो गेला. ढोल ओटीवरून उचलून माजघरात नेले आणि दारावर गोधड्या टांगल्या. तरीही झांजा गाण्यावर पसरायच्या. शेवटी गिरणीतून तांदळाची पोती आणवली, त्यांची कमरेपेक्षा उंच भिंत रचली आणि गाणाऱ्याला तिच्या आड उभं केलं. अंगणातल्या लोकांना त्याचं नुसतं डोकं दिसायचं. पण टेपवर पहिल्यांदाच त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला.

गावातल्या डॉक्टरांकडेही एक टेपरेकॉर्डर होता. तो ते मागितला की देत. दोन यंत्रं झाल्यावर मला नवीनच वाट सापडली. एकावर मुद्रित केलेलं वाजवायचं, ते डब्यातून दुसऱ्यात न्यायचं आणि नेता नेताच त्याच्यावर गाणाऱ्याचा दुसरा आवाज किंवा गिटारीची आणखी एक ओळ चढवायची. एकच माणूस स्वतःच्याच जोडीने गातो आहे, हे ऐकून तो कामोठ्याचा गाणारा हादरून माझ्याकडे बघत राहिला होता. संध्याकाळी दिवे लागले की विजेचा दाब उतरायचा आणि चक्रं हळू फिरायची, म्हणून हे सगळं त्याआधी उरकावं लागे. मिसळण्याचं काम मी आठवड्यात शाळेतून आल्यावर करायची. तेव्हा भाऊ बहुतेक बाहेर असायचा. गिरणीवाल्यांचा मुलगा मात्र येऊन बसायचा. एखादं बटण मी किंचित फिरवलं तर ते त्याला कळायचं. तो म्हणायचा, आम्ही वाजवतो ते अर्धंच असतं, पुरं तू करतेस. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. खोटं कशाला सांगू, माणूसही थोडासा जपून ठेवला होता.

पाच गाण्यांची एक टेप तयार झाली. ती ऐकून डॉक्टर म्हणाले, ही मुंबईला कुणाला तरी ऐकवा. गिरणीवाल्यांचे एक नातेवाईक एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत कामाला होते. त्यांच्या ओळखीने तिघं टेप घेऊन निघाले. मलाही जायचं होतं. आई म्हणाली, शाळा बुडवून कशाला, मुलं जाऊन येतील. मला ते पटलं. डब्यासारखी जपलेली ती टेप मी कापडात गुंडाळून भावाच्या हातात दिली आणि एस.टी. सुटेपर्यंत स्टँडवर उभी राहिले.

ते परतले तेव्हा भाऊ हसतमुख होता. म्हणाला, आवडली, पण रेकॉर्ड वगैरे काढायची म्हणजे वेळ लागतो, कळवतील. टेप त्यांनी ठेवून घेतली होती. मी विचारलं, आवाजाबद्दल काही बोलले का? तो म्हणाला, बरा आहे म्हणाले. गिरणीवाल्यांच्या मुलाकडे बघितलं तर तो चपला घालत होता. घरी काम आहे म्हणून निघूनही गेला. बरा आहे या दोन शब्दांवर मी पुढचे दिवस काढले. काय चुकलं असेल, दुसऱ्या गाण्यात ढोल मागे राहिला का, टाळ्या फार ठेवल्या का, असं शाळेत फळ्यावर लिहितानाही डोक्यात चालायचं. माझ्याकडे जुनी मुद्रणं होती, ती काढून मी सगळं पुन्हा मिसळायला घेतलं.

मग भावाला मुंबईत नोकरी लागली. कुठल्याशा कंपनीत, मदतनीस म्हणून, एवढंच तो सांगायचा. आठवडाभर तिकडे एका नातेवाइकाकडे राहणार आणि सुट्टीला घरी येणार. आईला इतका आनंद झाला की तिने मलिदा केला. आमच्यात नवस फेडायचा असला, काही चांगलं घडलं की मलिद्याचं ताट मांडतात, गोड पोहे, खोबरं, फळं, आणि प्रार्थना म्हणतात. मीच नारळ खवले. मीच पोहे भिजवले. आळीतली उरलेली चार माणसं जमली, सगळ्यांनी भावाच्या नावाने प्रार्थना म्हटली, आणि मीही मनापासून म्हटली. खूप वर्षं झाली, पण त्या दिवसाचं मला जितकं लागलं तितकं पुढच्या कशाचं लागलं नाही. तेव्हा मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. खोबरं खवताना मी गात होते.

पुढे एका रविवारी सकाळी आळीच्या तोंडाशी मोटार थांबली. पुण्याला चाललेले एक गृहस्थ उतरले, पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, बोलणं अगदी साधं. भाऊ त्यांच्यामागून लगबगीने येत होता. तो त्यांच्याच गाडीतून आला होता. ते ज्या स्टुडिओचे मुख्य ध्वनिमुद्रक, तिथेच माझा भाऊ कामाला लागला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांना म्हणे ती खोली बघायची होती, जिथे ती टेप झाली.

मला हर्षच झाला. मी पदर सारखा करून पुढे निघाले, तोवर आई माझ्या आणि दाराच्या मध्ये आली. म्हणाली, "बाय, तू चहा टाक."

चूल आणि ओटी यांच्यात एकच भिंत. बाहेरचं प्रत्येक अक्षर आत ऐकू येत होतं. साहेबांनी पोत्यांचं विचारलं. भाऊ सांगू लागला की झांजा गाण्यावर पसरायच्या, कान निवडून ऐकतो पण मायक्रोफोन निवडत नाही, मग आपल्यालाच निवड करून द्यावी लागते. माझं वाक्य होतं ते, एकाही शब्दाचा फरक नाही. मग डबा. मग नळाला बांधलेली तार. घूं आवाज काही केल्या जाईना तेव्हा आपण किती वैतागलो होतो, हेसुद्धा त्याने सांगितलं. मी वैतागले होते. तो त्या दिवशी क्रिकेट खेळायला गेला होता.

साहेब म्हणाले, "बाई, मुलाला कान आहे. शिकवून येत नाही ते."

आणि आई म्हणाली, "वडिलांवर गेलाय. सगळं त्यानं एकट्यानं केलं."

आधण उकळून वर आलं होतं. मी ते उतरवलं, चहा गाळला, कप मांडले. ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा गिरणीवाल्यांचा मुलगाही तिथे बसलेला दिसला. भावाने त्याला निरोप धाडून बोलावून घेतलं असावं. तो जमिनीकडे बघत होता. साहेबांनी माझ्याकडे बघून चौकशी केली की मीही या मंडळींत गाते का. आईच म्हणाली, ती शाळेत शिकवते.

आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर विनवणीची नव्हती, दटावणीचीही नव्हती. मी काय करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, इतकंच त्या नजरेत होतं. मी बोलले असते तर त्या माणसासमोर, आमच्याच ओटीवर, माझ्या तोंडाने माझ्या भावाची नोकरी गेली असती. ती मी घालवणार नाही हे धरूनच त्यांनी सगळं ठरवलं होतं.

मी साहेबांना विचारलं, "साखर किती?"

मोटार गेल्यावर भाऊ तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. मी आईला विचारलं की हे कधी ठरलं. ती कप विसळत होती. म्हणाली, मुंबईहून ते आले त्याच रात्री भावाने तिला सांगितलं होतं. टेप ऐकून साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? तर त्याच्या तोंडून गेलं, मी. मग साहेबांनी विचारलं, काम करशील का?

"मग त्यानं मला का नाही सांगितलं?"

"मीच म्हटलं, नको सांगूस. तुला नोकरी आहे. उद्या लग्न करून जाशील, तुला काय करायचंय त्या डब्याचं? त्याला काहीच नव्हतं." मग हात पुसत ती म्हणाली, "तुझं काही गेलं का त्यात?"

खरं म्हणजे काय गेलं ते मला मोजून दाखवता येत नव्हतं. पगार तोच होता, शाळा तीच. डबासुद्धा फळीवर जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी गाणारा भेटला. शाळेतून येताना रस्त्यावर सायकल थांबवून माझ्याशी नेहमीसारखा बोलू लागला. मी विचारलं, त्या दिवशी स्टुडिओत तूही होतास ना? तो म्हणाला, "व्हतो. तुजा भाव बोलला मीच केला. मना वाटला, तुमचा घरात ठरला हाय. तुला ठावं नाय?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आता मी गाणार नाही यांच्यासोबत. मी म्हटलं, तसं करू नकोस, तुझा आवाज आहे. पण तो त्यानंतर आमच्या ओटीवर खरंच आला नाही. तसंही ढोल वाजवणारा मुंबईला गेल्यावर बँड उरलाच कुठे होता.

गिरणीवाल्यांचा मुलगा आठवड्याने आला, मी शाळेतून यायच्या नेहमीच्या वेळी. दारात उभा राहून म्हणाला की त्याला फार वाईट वाटतं आहे. मी त्याला आत बोलावलं नाही. स्टुडिओत भाऊ खोटं बोलला तेव्हा तू काय केलंस, एवढंच विचारलं. तो म्हणाला, काही सुचलं नाही. आणि नंतर? नंतर इतके दिवस? तर म्हणाला, तुझी आई म्हणाली हे आमच्या घरातलं आहे, तू पडू नकोस. मग मी कशाला पडू?

"तूच म्हणायचास, पुरं तू करतेस."

"ते खरंच आहे," तो म्हणाला.

"मग हे तिथे का नाही म्हणालास?"

त्याचा चेहरा खरोखर उतरला होता, आणि पूर्वी असता तर मीच त्याची समजूत घातली असती. त्या दिवशी मी दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. आम्हाला बोलावणं होतं. आई जाऊन आली.

भाऊ मात्र सुट्टीला यायचा, जेवायचा, झोपायचा. माझ्याशी बोलताना विषय लांबचे काढायचा. एकदा आला तेव्हा मी वह्या तपासत होते. तो शेजारी बसला, बोटं मेजावर वाजवत राहिला. मग म्हणाला की एक अडचण आहे. स्टुडिओत साहेबांनी त्याला एक जागा करून दाखवायला सांगितलं होतं, टेपवरच्या तिसऱ्या गाण्यात गिटार हळूहळू लांब जात गेल्यासारखी ऐकू येते, तशी. ते नेमकं कसं केलं होतं? मी ते कसं केलं होतं ते मला आजही सांगता येईल. तेव्हाही एका वाक्यात सांगता आलं असतं.

"ताई, सांग ना."

मी म्हटलं, "ज्यानं केलं त्याला विचार."

तो उठला नाही. बराच वेळ माझ्या शेजारी तसाच बसून राहिला. त्याचे डोळे भरले होते. लहानपणी बाबांनी मारलं की तो असाच माझ्याजवळ येऊन बसायचा. मी वह्या तपासत राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं होतं की आता हे उघडं पडेल. तो नापास होऊन येईल, आईला कळेल, आणि मग कुणीतरी माझ्याकडे येऊन म्हणेल की चुकलं. मी त्याची वाट बघितली.

तसं काही झालं नाही. तिथल्या एका जुन्या माणसाने त्याला सांभाळून घेतलं, वेगळ्या रीतीने ते जमवून दिलं, आणि हळूहळू भाऊ शिकला. चांगलं शिकला. वर्षा-दोन वर्षांत साहेब त्याच्यावर लहान लहान कामं सोपवू लागले. त्याला कान होताच, कदाचित. आमच्या घरात तो कधी वापरायची वेळ आली नव्हती. त्याने खोटं बोलून जे मिळवलं होतं ते पुढे कष्टाने खरं केलं, आणि आईला त्यात देवाचा हात दिसला. माझ्यापुरतं मात्र त्याने काही बदललं नाही. उलट, आता बोलायलाही काही उरलं नाही.

साठचं दशक संपत आलं तेव्हा आईने आणि त्याने इस्रायलला जायचं ठरवलं. मामांनी तिकडे सगळी व्यवस्था केली होती, त्याच्यासारखं काम येणाऱ्याला तिकडे मागणी होती. माझंही नाव अर्थातच धरलं होतं. मी म्हटलं, मी येत नाही. आईने आधी मनावर घेतलं नाही. मग नातेवाइकांकडून सांगवून बघितलं. एकटी बाई पनवेलात काय करणार, आळीत माणूस उरलं नाही, असं सगळे म्हणाले. मी शाळेचं कारण सांगत राहिले.

निघण्याआधी घरी जेवण ठेवलं होतं. मुंबईहून, ठाण्याहून लोक आले. जेवणं झाल्यावर कुणीतरी भावाला विचारलं की तू या कामात कसा शिरलास. तो सांगू लागला. टेपरेकॉर्डर कपाटावर होता, रुमाल घातलेला. तो आपण खाली काढला. बाबांच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकलो होतो, त्याचा उपयोग झाला. एकदा बोट भाजलं तर आईने मध लावला. सगळे हसले, मीही तिथेच बसले होते, भाजल्याची खूण माझ्या तर्जनीवर आहे. तो सांगत होता तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो माझी नजर चुकवत नव्हता. मधेच माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, आठवतं ना तुला? किती गोंगाट करायचो आम्ही." त्याच्या डोळ्यांत कसलीही भीती नव्हती, माया होती. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वेळा सांगून ते त्याचं होऊन गेलं होतं. त्याला खरंच आठवत होतं बोट भाजलेलं.

स्टुडिओतला तो एक शब्द मी समजू शकले असते. पोरगा घाबरला, समोर मोठा माणूस, तोंडून गेलं. पण त्या दिवशी मला कळलं की आता कबूल करायलाही त्याच्यात कुणी शिल्लक नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली. बराच वेळ माझ्या साड्यांच्या घड्या घालत राहिली, ज्यांच्या घड्या घातलेल्याच होत्या. मग म्हणाली, "तू अजून मनात धरून आहेस ते."

मी हो म्हटलं.

"तू समजूतदार होतीस," ती म्हणाली. "लहानपणापासून. म्हणून मला वाटलं, तू समजून घेशील."

"आई, समजूतदार माणसाला विचारायचं नसतं का?"

तिने साडी खाली ठेवली. मला वाटतं ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात भावाने बाहेरून हाक मारली, ट्रंकेचं कुलूप लागत नव्हतं, आणि ती उठून गेली. मीही मागोमाग गेले. झाकणावर मी बसले तेव्हा कुलूप लागलं.

विमानतळावर आई रडली, मीही रडले. भावाने मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाला की लवकर ये, तुझ्याशिवाय तिला करमणार नाही. तिला, असं म्हणाला.

टेपरेकॉर्डर माझ्याकडेच राहिला. भाऊ म्हणाला होता, तिकडे याहून चांगली यंत्रं मिळतात. पाच गाण्यांची ती टेप स्टुडिओतून कधी परत आली नाही. मुद्रणं होती ती मी बरीच वर्षं ऐकली नाहीत. पुढे मी शाळेच्या गावातल्या आगरी बायकांची लग्नातली गाणी मुद्रित करू लागले. त्यांच्या अंगणात यंत्र मांडलं की त्या आधी हसायच्या, मग गायच्या, आणि गाऊन झालं की, "आता आमाला आयकव," म्हणायच्या. दुसरं काही कुणी मागितलं नाही.

आई तिकडेच वारली. भावाशी माझं भांडण नाही. सणाला त्याच्या पत्रातून चौकशी येते, मीही करते. आपलं माणूस तिकडे असून तुम्ही का गेला नाहीत, असं आळीत नव्याने राहायला आलेले लोक अजून विचारतात. मी सांगते, नोकरी होती. ते खोटं नाही.